आधी समज, मग प्रमाणपत्र

स्वमग्नतेविषयी, म्हणजे ऑटिझमविषयी, शिकवणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आज वानवा नाही. दोन तासांच्या वेबिनारपासून वर्षभराच्या पदविकेपर्यंत आणि मोफत शिकवणीपासून हजारो रुपयांच्या शुल्कापर्यंत सगळे काही मोबाइलवर मिळते. पालक, शिक्षक, अंगणवाडी सेविका, समुपदेशक, नोकरीच्या शोधातले पदवीधर अशा सगळ्यांना बहुधा एकाच जाहिरातीतून बोलावले जाते आणि शेवटी सगळ्यांच्या हाती एकसारखेच प्रमाणपत्र ठेवले जाते. वानवा आहे ती यातला कोणता अभ्यासक्रम कोणाच्या उपयोगाचा, हे सांगणाऱ्या भरवशाच्या सल्ल्याची. तो न मिळाल्याने पैसे वाया जातात, त्याहून अधिक वाया जातो तो वेळ. लहान वयात मिळालेली मदत अधिक उपयोगी पडते आणि नेमके त्याच वयातले महिने भलत्या शिकवणीत निघून जातात.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. भारतात पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर गोव्याचाही समावेश होता. दोन ते नऊ वर्षांच्या जवळपास आठ मुलांमागे एकात मेंदूच्या विकासाशी निगडित किमान एक अडचण या पाहणीत आढळली. स्वमग्नता ही त्यांपैकी एक. याउलट मदत करू शकणारी माणसे थोडी आहेत आणि तीही मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एकवटलेली. प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरापासून पुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. तरीही २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना ही पदे मंजूर करा, भरा, असे पुन्हा बजावावे लागले. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या पालकाला दर आठवड्याला शहर गाठणे परवडत नाही. त्यामुळे ऑनलाइन शिक्षण ही त्यांच्यासाठी चैन ठरत नाही. पुष्कळदा तेवढी एकच वाट उघडी असते. म्हणूनच ही वाट कुठे नेते, हे पाऊल टाकण्याआधी पाहायला हवे.

पहिली कसोटी स्वतःसाठी आहे: आपल्याला हे शिकायचे कशासाठी? आपल्या मुलाला समजून घ्यायचे असेल तर एक प्रकारचा अभ्यासक्रम लागतो. वर्गातल्या चाळीस मुलांमधल्या एका मुलाला सामावून घ्यायचे असेल तर दुसऱ्या प्रकारचा आणि हाच व्यवसाय करायचा असेल तर अगदीच वेगळा. बाजार या तिन्हींची सरमिसळ करतो. पालकाला 'थेरपिस्ट व्हा' असे सांगितले जाते आणि बेरोजगार पदवीधराला सहा आठवड्यांत केंद्र काढण्याचे स्वप्न दाखवले जाते. आईला थेरपिस्ट होण्याची गरज नसते. मूल कशाने घाबरते, कशाने शांत होते आणि काय सांगू पाहते, हे तिला ओळखता यायला हवे. केंद्र काढू पाहणाऱ्याला मात्र एवढी ओळख मुळीच पुरेशी नाही.

व्यवसायाचा मुद्दा कायद्याचाही आहे. भारतीय पुनर्वास परिषद कायदा १९९२ चा. विशेष शिक्षक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, वाचा व श्रवण तज्ज्ञ अशा व्यावसायिकांची नोंद या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते. मान्य पात्रतेशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट या परिषदेच्या कक्षेत येत नाहीत. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची वेगळी राज्य परिषद आहे. विशेष शिक्षणातली मान्य पदविका दोन वर्षांची असते आणि त्या काळात विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मुलांबरोबर, अनुभवी माणसाच्या नजरेखाली काम करावे लागते. घरबसल्या व्हिडिओ पाहून आणि शेवटी वीस प्रश्नांची उत्तरे टिकमार्क करून मिळालेला कागद त्या पदविकेची जागा घेऊ शकत नाही. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात 'आंतरराष्ट्रीय मान्यता' असे लिहिले असेल, तर मान्यता कोणाची आणि भारतात तिच्यावर काय करता येते, असे दोन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर गोलमोल आले तर तेच उत्तर समजावे.

एक ठळक उदाहरण घेऊ. वर्तन-विश्लेषणावर आधारलेले चाळीस तासांचे एक अमेरिकी प्रशिक्षण आपल्याकडे बरेच विकले जाते. ते पूर्ण केले की 'आरबीटी', म्हणजे नोंदणीकृत वर्तन-तंत्रज्ञ, होता येते, अशी शिकणाऱ्याची समजूत होते. प्रत्यक्षात हे प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी मंडळाने २०२३ पासून नवे अर्ज मोजक्याच देशांपुरते ठेवले आहेत आणि त्यांत भारत नाही. चाळीस तासांचा तो पाठ ऐकायला कोणाची हरकत नाही, त्यातले काही शिकण्यासारखेही असेल. पण पदवीच्या आशेने पैसे भरणाऱ्याला ही गोष्ट आधी सांगायला हवी आणि ती सांगणे हे शिकवणाऱ्याचे कर्तव्य आहे.

दुसरी कसोटी आशयाची. अभ्यासक्रम स्वमग्नतेकडे कसे पाहतो, हे त्याच्या पहिल्या दोन धड्यांत कळते. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, पुढच्या वर्षी व्हिएन्नामध्ये हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी तशाच काही मुलांविषयी लिहिले आणि तिथून या विषयाचा आधुनिक अभ्यास सुरू झाला. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत समज पुष्कळ बदलली. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणाने अ‍ॅस्पर्गर आणि इतर उपप्रकार वेगळे न ठेवता सगळ्यांना एकाच वर्णपटात घेतले. संवेदनांमधला फरकही, म्हणजे आवाज, प्रकाश, स्पर्श, चव यांची अति किंवा फार कमी जाणीव, निदानाच्या निकषांत आला. जो अभ्यासक्रम अजूनही जुन्या विभागण्या शिकवतो किंवा संवेदनांचा विषय एका ओळीत उरकतो, तो किमान दहा वर्षे मागे आहे. पाठ शेवटचा कधी सुधारला, ही तारीख अभ्यासक्रमाच्या पानावर शोधावी.

संवेदनांचा हा भाग वरवरचा नाही, हे रोजच्या घरात दिसते. कुकरची शिटी होण्याआधीच मूल कानांवर हात ठेवून बसते. गणपतीत ढोल-ताशाचे पथक गल्लीत शिरले की ते पलंगाखाली जाते. शाळेच्या गणवेशाची कॉलर मानेला घासते म्हणून रोज सकाळी रडारड होते आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. चांगला अभ्यासक्रम इथे आई-बाबांना आणि बाईंना प्रश्न बदलायला शिकवतो. 'हे असे का वागते' याऐवजी 'याला आत्ता काय सोसत नाही आहे' असे विचारायला लागले की उपाय सुचतात: कॉलरमागचे लेबल कापणे, शिटीची आधी कल्पना देणे, प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपकापासून दूर उभे करणे, दिवसभरात काय काय होणार याची चित्रे भिंतीवर क्रमाने लावणे. यातल्या कशालाच मोठा खर्च येत नाही.

आशयाची पारख करताना काही दावे दिसले की तिथेच थांबावे. 'बरे करू' हा त्यातला पहिला. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली भिन्नता आहे. ती जन्मभर सोबत राहते. आधार मिळाला तर त्या माणसाचे जगणे पुष्कळ सुकर होते, संवाद वाढतो, स्वावलंबन वाढते. पण नव्वद दिवसांत ती घालवण्याचे वचन कोणालाही देता येत नाही. दुसरा दावा लशीचा. अँड्र्यू वेकफील्ड यांनी १९९८ मध्ये बारा मुलांवरच्या निबंधातून गोवराच्या संयुक्त लशीकडे बोट दाखवले. 'लॅन्सेट'ने तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. तिसरा दावा स्टेम सेलचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित काही आजारांत अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. त्यापलीकडचा वापर मान्य चाचणीपुरता असावा, पैसे घेऊन करायचा उपचार म्हणून नव्हे. या तिन्हींपैकी एकही दावा आडून-आडून करणारा अभ्यासक्रम बाकी कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

चौथा दोष अधिक हळवा आहे, कारण तो आईच्या माथी येतो. अमेरिकेत ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून मुलांच्या या स्थितीचे खापर आईच्या थंडपणावर फोडले आणि एक पिढी त्या अपराधभावाच्या ओझ्याखाली गेली. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला, तेव्हा त्या कल्पनेचा पाया निखळला. आपल्याकडे मात्र ती नवी वस्त्रे नेसून येत राहते: आई नोकरी करते म्हणून, घरात बोलायला कोणी नाही म्हणून, मोबाइल दिला म्हणून. मोबाइलचा अतिरेक कोणत्याच मुलाला चांगला नाही. तो कमी करायला सांगणे योग्यच आहे. पण त्यामुळेच स्वमग्नता आली, असे शिकवणारा अभ्यासक्रम विज्ञान शिकवत नाही आणि घरात दोषारोपाचे बी पेरतो.

याच्या जोडीला मराठी घरांना एक खास सल्ला वरचेवर मिळतो: मूल गोंधळेल, घरात एकच भाषा ठेवा आणि शक्यतो इंग्रजी बोला. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाच्या भाषेची हानी होते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. उलट, आजी-आजोबा मराठीत बोलतात, आई मनातले मराठीत सांगते आणि तीच भाषा घरातून काढून टाकली, तर मुलाभोवतीचे बोलणेच आटते. ज्या आईला इंग्रजी सहज येत नाही ती चाचपडत, तुटक बोलू लागते आणि मुलाला ऐकायला मिळणारे शब्द, गाणी, लाडाची नावे कमी होतात. भाषेबद्दल असा सल्ला देणाऱ्या अभ्यासक्रमाने आपल्या समाजाचा विचार केलेलाच नसतो.

तिसरी कसोटी शिकवणारा कोण, ही. तज्ज्ञांचे नाव, त्यांची नोंदणी आणि त्यांनी प्रत्यक्ष मुलांबरोबर केलेले काम ही माहिती उघड असावी. त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी: शिकवणाऱ्यांत स्वमग्न व्यक्ती आहेत का? इंग्लंडने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा स्वमग्न तरुण २०१६ मध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात मरण पावला. त्याला मनोविकारावरचे औषध देऊ नका, असे त्याने स्वतः आणि त्याच्या आई-वडिलांनी सांगूनही ते दिले गेले होते. त्याच्या आईने नेटाने पाठपुरावा केला आणि २०२२ च्या आरोग्य कायद्याने तिथल्या आरोग्य व देखभाल संस्थांच्या कर्मचाऱ्यांना स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांचे प्रशिक्षण बंधनकारक केले. ऑलिव्हरच्या नावाने चालणाऱ्या या प्रशिक्षणाचा पहिला भाग ऑनलाइन आहे. पण तेवढ्यावर ते संपत नाही; पुढचा भाग प्रशिक्षकांबरोबर थेट होतो आणि त्या प्रशिक्षकांत स्वमग्न व्यक्ती आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती असतात.

यामागे विचारही आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की, समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते: स्वमग्न माणसाला इतरांचे मन वाचणे जड जाते, तसे इतरांनाही त्याचे मन वाचता येत नाही. हे मानले की अभ्यासक्रमाचा रोख बदलतो. मुलाला डोळ्यांत डोळे घालून बघायला लावणे, हात हलवणे थांबवणे, इतरांसारखे दिसायला शिकवणे ही उद्दिष्टे मागे पडतात. त्याला आपले म्हणणे मांडता येणे, त्याला त्रास न होणे आणि त्याच्या भोवतीच्या माणसांनी थोडे बदलणे ही उद्दिष्टे पुढे येतात. मुलगी असेल तर हे अधिकच महत्त्वाचे. पुष्कळ मुली इतरांचे पाहून पाहून आपली अडचण झाकायला शिकतात आणि 'लाजाळू आहे' म्हणून वर्षानुवर्षे निदानाबाहेर राहतात. मुली आणि प्रौढ यांच्याविषयी एकही पाठ नसलेला अभ्यासक्रम अपुरा समजावा.

चौथी कसोटी शिकवण्याच्या पद्धतीची आणि आमच्या मते निर्णायक. माहिती ऐकणे आणि वागणे बदलणे यांत मोठे अंतर आहे. ते कसे कापता येते याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारी, गोव्यात आहे. 'संगत' ही संस्था तिथे १९९६ पासून मानसिक आरोग्याचे काम करते. ब्रिटनमध्ये पालकांसाठी तयार झालेली एक पद्धत गोव्यातल्या आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या परिस्थितीला जुळवून घेतली गेली आणि ६५ मुलांबरोबर तिची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आले. वैशिष्ट्य असे की, शिकवणाऱ्या व्यक्ती डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हत्या. प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या.

या पद्धतीत आई मुलाबरोबर नेहमीसारखी खेळते आणि तो खेळ व्हिडिओत टिपला जातो. मग कार्यकर्ती आणि आई शेजारी बसून तो पाहतात. मूल गाड्या एका ओळीत लावते आहे, आई दुसरे खेळणे पुढे करते आहे, मूल पाठ फिरवते. पुढे एका क्षणी आई गप्प राहते आणि स्वतःही एक गाडी ओळीत ठेवते. मूल मान वर करून तिच्याकडे पाहते. कार्यकर्ती तिथे व्हिडिओ थांबवते आणि विचारते, 'ताई, इथे तुम्ही काय केलंत?' उत्तर आईने शोधायचे असते. आपण मुलाच्या खेळात शिरलो तेव्हा ते आपल्याकडे वळले, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून ते तिच्या लक्षात राहते. घरी रोज थोडा वेळ तोच सराव करायचा आणि पुढच्या भेटीत पुन्हा पाहायचे.

चाचणीत या पालकांचा मुलांना मिळणारा प्रतिसाद मुलांच्या कलाने जाणारा झाला आणि मुले स्वतःहून आई-बाबांशी अधिक संपर्क साधू लागली. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष गुंतवण्याचा काळ कमी झाला आणि संशोधकांनी तेही नोंदवले. खऱ्या पुराव्याची ही खूण आहे. काय साधले आणि काय साधले नाही, हे दोन्ही तो सांगतो. एखादा अभ्यासक्रम फक्त कृतार्थ पालकांच्या मुलाखती दाखवत असेल आणि मर्यादांबद्दल चकार शब्द काढत नसेल, तर त्याच्याकडे पुरावा नाही असे समजायला हरकत नाही.

या गोव्याच्या अनुभवावरून ऑनलाइन अभ्यासक्रमाला विचारायचे प्रश्न सहज तयार होतात. आपल्या मुलाबरोबरचा किंवा वर्गातला आपला प्रयत्न पाहून कोणी बोलणार आहे का? आठवड्याचा सराव ठरवून दिला आहे का? अडल्यास विचारायला माणूस आहे का? पहिला पाठ पैसे न भरता पाहता येतो का? शुल्क परत मिळण्याची अट लेखी आहे का? मुलाचा व्हिडिओ पाठवायचा असेल तर तो कुठे साठवला जाईल, कोण पाहील आणि केव्हा पुसला जाईल? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती आवश्यक मानली आहे. आपल्या मुलाचा रडतानाचा किंवा 'सुधारल्या'चा व्हिडिओ उद्या कोणाच्या जाहिरातीत फिरू नये, ही काळजी आजच घ्यायला हवी.

मोफत साधनांकडे कमी लेखून पाहण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने विकासात मागे असलेल्या मुलांच्या पालकांसाठी तयार केलेल्या कार्यक्रमात नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी आहेत. २०२२ मध्ये त्याचे ऑनलाइन रूपही आले. रोजच्या जेवणात, अंघोळीत, खेळात संवाद कसा वाढवावा, यावर त्याचा भर आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा 'अंडरस्टँडिंग ऑटिझम' हा मोफत पाठ सर्वसाधारण ओळखीसाठी चांगला आहे. शिक्षकांसाठी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे 'अफर्म' हे मोफत धडे उपयोगी आहेत. पुरावा असलेल्या एकेका पद्धतीवर त्यात एकेक धडा आहे. आपल्या शाळांसाठी एनसीईआरटीने २०२२ मध्ये 'प्रशस्त' हे अ‍ॅप आणले. २१ प्रकारच्या अपंगत्वांची प्राथमिक चाचपणी शिक्षक त्यातून करू शकतात. ही चाचपणी निदानाची जागा घेत नाही, एवढे भान शिक्षकाने ठेवले तर ते चांगले साधन आहे. निदान तज्ज्ञांनीच करायचे असते आणि जिल्हा पातळीवर त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, आहेत.

परदेशी अभ्यासक्रमांत एक उणीव राहणारच: आपल्या हक्कांची माहिती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता समाविष्ट आहे. प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या 'इसा' या भारतीय मापनपट्टीत ४० मुद्दे आहेत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. त्याच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर पालकत्वाचा प्रश्नही याच कायद्याखाली सुटतो. युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, कसे काढायचे, शाळेने प्रवेश नाकारला तर कोणाकडे दाद मागायची, परीक्षेत कोणत्या सवलती मिळतात, हे इथल्या पालकाला कळले पाहिजे. म्हणून परदेशी पाठ निवडला तरी त्याच्या जोडीला इथल्या एखाद्या पालकगटाचा किंवा संस्थेचा आधार घ्यावा. मुंबईतील 'उम्मीद' २००१ पासून आणि दिल्लीतील 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' १९९१ पासून या क्षेत्रात आहेत; त्यांच्यासारख्या संस्थांचा अनुभव कोणत्याही व्हिडिओपेक्षा जवळचा आहे.

इथपर्यंतची जबाबदारी निवडणाऱ्याची झाली. राज्याची जबाबदारी त्याहून मोठी आहे. वर उल्लेख केलेली बहुतेक चांगली साधने इंग्रजीत आहेत आणि ज्या आईला त्यांची सर्वांत जास्त गरज आहे तिला ती वाचता येत नाहीत. ही पोकळीच जाहिरातबाजांच्या पथ्यावर पडते. महाराष्ट्राकडे साधने नाहीत असे नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे, 'दीक्षा'सारखा मंच आहे, नाशिकला दूरशिक्षणाचा दीर्घ अनुभव असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, गावोगाव आशाताई आणि अंगणवाडीताई आहेत. या सगळ्यांनी एकत्र येऊन पालकांसाठी एक आणि शिक्षकांसाठी एक असे दोन मोफत मराठी अभ्यासक्रम तयार करावेत. त्यांत स्वमग्न व्यक्ती आणि अनुभवी पालक शिकवणारे म्हणून असावेत. ऑनलाइन पाठांच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष बैठक असावी आणि तिथे गोव्याप्रमाणे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकाच्या शेजारी बसून व्हिडिओ पाहावा. या कामाला लागणारा पैसा मोठा नाही. लागतो तो निर्णय. त्याबरोबरच मान्यतेचे खोटे दावे करणाऱ्या अभ्यासक्रमांवर ग्राहक संरक्षण कायद्याखाली कारवाई व्हायला हवी. फसव्या जाहिरातींना आळा घालण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहेच.

शाळांनीही स्वतःची वाट सुधारावी. काही खासगी शाळा एका शिक्षिकेला चार तासांचा कोर्स करायला लावतात आणि समावेशक शिक्षणाचे कर्तव्य पार पडल्याचे मानतात. काही जागी पालकांना स्वतःच्या खर्चाने 'शॅडो टीचर', म्हणजे वर्गात मुलासोबत राहणारी मदतनीस, आणायला सांगितले जाते. समज एका व्यक्तीकडे सोपवून भागत नाही. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शिपाई, बसमधल्या ताई या सगळ्यांना किमान ओळख हवी, कारण मुलाचा दिवस या सगळ्यांच्या हातून जातो.

पालकांना आमचे सांगणे एवढेच आहे. निदान झाल्याच्या पहिल्या घाईत मोठे शुल्क भरू नका. आधी एखादा मोफत पाठ पूर्ण करा, दोन आठवडे त्यातले घरी करून पाहा आणि मगच पुढचे ठरवा. अभ्यासक्रम चालू आहे म्हणून तज्ज्ञांची तपासणी किंवा सुरू असलेली मदत थांबवू नका. पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याची नोंदणी तपासा, 'बरे करू' म्हणणाऱ्याला नकार द्या आणि आपल्या भाषेत बोलणारा, आपला प्रयत्न पाहून चूक-बरोबर सांगणारा अभ्यासक्रम निवडा. अभ्यासक्रम संपल्यावर आपण मुलाशी, विद्यार्थ्याशी वेगळे आणि अधिक समजुतीने वागू लागलो, तर तो अभ्यासक्रम योग्य होता. तसे झाले नाही, तर प्रमाणपत्र कितीही नामवंत असो, त्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही.